घागरी आल्या, लेकरू राहिलं

बाळंतपणानंतर कुठल्या तरी घरात एखादी बाई भिंतीकडं बघत बसलेली असेल. शेजारी लेकरू रडत असेल आणि तिच्या आत काहीच हलत नसेल. "मी कसली आई?" असं तिला दिवसातून कितीदा वाटत असेल. हे सगळं मी तिच्यासाठी लिहितेय. हा आजार आहे आणि तो बरा होतो, हे मला फार उशिरा कळलं. आजार बरा झाला तरी अपराधीपणा लगेच जात नाही, हेही आधीच सांगून टाकते. माझा अजून सगळा गेलेला नाही. पण त्याच्यासोबत राहून संसार करता येतो. ते मला जमलं, त्याचं बरंच श्रेय एका साध्या वहीला आहे.

लेकरू रडत होतं, शेजारच्या घरात रडावं तसं

माझं माहेर नांदेडकडच्या नायगावचं. लग्नाआधी मी तिथं बालवाडीत शिकवत होते. लोकांची शेंबडी लेकरं दिवसभर कडेवर घेऊन फिरायचे आणि मला कधी कंटाळा आला नाही. "मंगलला लेकरांचा लई लळा," असं सगळं गाव म्हणायचं.

सासर निलंग्याचं. माझे मालक शिवराज तहसीलीत कारकून होते. लातूर जिल्हा नवा नवा झाला, कलेक्टर कचेरीत माणसं लागली, तशी त्यांची बदली लातूरला झाली. आम्ही दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. सासूबाईही आमच्याबरोबर आल्या. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली, गिरिजा. तिला घेऊन मी लातूरला आले तेव्हा पाऊस दगा देऊन बसला होता. नळाचा भरवसा नव्हता. गल्लीत टँकर यायचा तोही कधी सकाळी, कधी भर दुपारी. लंगोट-दुपटी धुतलेलं पाणी संडासात टाकायला बादलीत जपून ठेवायचं. अव्वा आंघोळीच्या तांब्यांचासुद्धा हिशोब ठेवायच्या.

मला झोप येईना. गिरी झोपली तरी मी जागी. तिच्या रडण्याचा आवाज यायचा, पण शेजारच्या घरातून यावा तसा. मी उठायचे, पाजायचे, दुपटं बदलायचे. हात सगळं करायचे, पण मन कुठंच नसायचं. बायका बघायला येऊन म्हणायच्या, "नाक अगदी बापावर गेलंय." मी हसायचे. हसताना मला स्वतःची किळस यायची. लोकांच्या लेकरांना जीव लावणारी मी, माझ्या पोटच्या पोरीकडं बघून मला काही वाटत नव्हतं. हे कुणाला सांगणार? गल्लीत पाणी नव्हतं, यांना कचेरीतून यायला अंधार व्हायचा, अव्वांची कंबर दुखायची. अशात माझी ही तक्रार मला चोचल्यासारखी वाटायची.

टँकरचा दिवस

त्या दुपारी टँकर आला. अव्वा बाजारात गेल्या होत्या. मी गिरीला कडेवर घेतलं, दोन घागरी घेतल्या आणि पळाले. गर्दी मोठी होती. कोपऱ्यावर रजियाआपांचं घर होतं. त्यांच्या ओट्यावर सावली होती, तिथं गोधडी टाकून मी गिरीला निजवलं आणि रांगेत घुसले.

घागरी भरल्या. एक डोक्यावर, एक कडेवर घेऊन घरी आले. रांजणात पाणी ओतलं, वर फडकं बांधलं आणि उंबऱ्यापाशी टेकून बसले. घर शांत होतं. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटत होतं.

अव्वा आल्या. पिशवी ठेवून त्यांनी विचारलं, "गिरी कुठाय?"

मी पाळण्याकडं बघितलं. पाळणा रिकामा होता. तरी मला काही आठवेना. तेवढ्यात दारातून रजियाआपांचा आवाज आला, "वो भाबी! तुमची पोरगी घ्या. रडरडके हलकान हुई!"

गिरी त्यांच्या खांद्यावर होती. उन्हं फिरली होती, ओट्यावर ऊन आलं होतं. पोरीचा गाल लाल झाला होता.

अव्वांनी तिला हिसकून घेतलं. "घागरी आणलीस आन् लेकरू इसरलीस? अगं, येड लागलंय का तुला?"

रजियाआपा म्हणाल्या, "जाऊ द्या अम्मा, गर्दी लई होती." पण रजियाआपांच्या मागून दोन-तीन बायका आल्या होत्या, त्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं.

विसरले ते तर होतंच. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती मला एकटीलाच माहीत होती. लेकरू घरात नव्हतं म्हणून मला बरं वाटलं होतं.

हे आले. अव्वांनी सगळं सांगितलं. हे माझ्यासमोर बसले, म्हणाले, "मंगल, तुला काय होतंय? सांग तरी."

"काही न्हाई," मी म्हटलं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी अव्वा यांना म्हणाल्या, "हिच्या बापाला बोलवून घे. नांदेडला मोठ्या दवाखान्यात दाखवा. पोरगी माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या." मला ते घरातून हाकलल्यासारखं वाटलं. हाकललं तर बरोबरच आहे, असंही वाटलं.

नाव कळलं तो दिवस

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात आई-दादा मला घेऊन गेले. दादा म्हणजे माझे वडील. डॉक्टर मध्यमवयीन होते, आवाज बसका. ते मला विचारायचे आणि उत्तर आई द्यायची. "जेवत न्हाई. झोपत न्हाई. कुणाची नजर लागली असंल." शेवटी त्यांनी आईला केसपेपरवर शिक्का आणायला बाहेर पाठवलं.

मग मला विचारलं, "लेकरू रडलं की काय वाटतं?"

"काही न्हाई वाटत."

मला वाटलं, आता डॉक्टर रागावणार. ते नुसते लिहीत राहिले. नंतर म्हणाले, "बाळंतिणीला होतो हा आजार. बऱ्याच जणींना होतो, सांगत कुणी नाही. हा तुमचा स्वभाव नव्हे."

मला पटलं नाही. वाटलं, डॉक्टर मला सोडून द्यायला बघतायत. चोराला आजारी म्हणून सोडावं तसं.

डॉक्टरांनी मग आई-दादांनाही आजाराचं सांगितलं. बाहेर आई भिंतीला धरून रडत होती. "आमच्या घराण्यात असलं कुणालाच न्हवतं," ती दादांना म्हणाली. दादांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "आता हाय म्हणतेत तर हाय. इलाज करू."

मला भरती करून घेतलं.

वॉर्ड

सकाळी सिस्टर यायच्या, गोळी द्यायच्या, तोंड उघडायला लावून जीभ वर करून बघायच्या. मग चहा. मग झाडूवाली. मग राउंड. दुपारी जेवणाची गाडी. त्या गाडीची चाकं कुरकुरायची, त्यावरून बारा वाजल्याचं कळायचं. खिडकीतून रस्ता दिसायचा, त्यावरून टँकर जाताना दिसला की मी तोंड फिरवायचे.

गोळ्यांमुळं पाजायचं बंद झालं होतं. गिरी तिकडं लातूरला बाटलीवर होती. पण माझ्या अंगाला ते कुठं ठाऊक होतं? पहिले काही दिवस चोळी भिजायची. आई फडकी देऊन घट्ट बांधायची. गल्लीत लोक घोटभर पाण्यासाठी भांडतात आणि लेकराच्या तोंडचं दूध इथं फडक्यात जातंय, असं मनात यायचं. मग फडकं बांधणाऱ्या आईच्या तोंडाकडं बघवायचं नाही.

शेजारच्या खाटेवर भोकरची एक बाई होती. ती रोज विचारायची, "काय झालतं तुला?" मी रोज सांगायचे, "झोप येत न्हाई." ती म्हणायची, "मला तर लई येती," आणि झोपून जायची.

वही

राउंडला डॉक्टर आले की मला बोलता यायचं नाही. आजूबाजूला शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, आई. एक दिवस ते म्हणाले, "बोलवत नाही ना? मग लिहा. मास्तरीणबाई होतात ना तुम्ही? झोप लागली का, काय खाल्लं, काय केलं आणि मनात काय आलं. एवढंच लिहायचं."

दादा समोरच्या दुकानातून शाळेची वही आणि पेन घेऊन आले. मी लिहिलं, "आज बरे वाटले. सर्वांच्या आशीर्वादाने लवकर बरी होईन." दुसऱ्या दिवशीही तसंच.

डॉक्टरांनी वाचलं आणि वही परत दिली. "हे मला खूश करायला लिहिलंय. चांगलं लिहू नका, खरं लिहा. मला दाखवायचं नसलं तर दाखवू नका."

त्या दुपारी आई कपडे धुवायला गेली होती. डाव्या हातानं पान झाकून मी लिहिलं, "त्या दिवशी गिरी घरात नव्हती आणि मला बरं वाटलं." पुढं काहीतरी होईल असं वाटलं. कुणी येईल, कुणाला कळेल. काहीच झालं नाही. जेवणाची गाडी आली. वांग्याची भाजी होती. मी जेवले.

एवढीच गोष्ट, पण इतके दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं आणि दर फेरीला मोठं होत होतं. कागदावर ते एका ओळीत मावलं. मला ते दिसत होतं. ते माझ्या बाहेर होतं. दुसऱ्या दिवशी मी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "त्याआधी झोप किती दिवस नव्हती?" मला तो प्रश्न कधीच पडला नव्हता.

पुढं एकदा त्यांनी विचारलं, "इथं आल्यापासून कधी थोडं तरी बरं वाटलं?"

"कधीच न्हाई," मी लगेच म्हटलं. आणि मी खोटं बोलत नव्हते.

त्यांनी मागचं पान काढलं. "इथं लिहिलंय, भोकरच्या बाईची वेणी घातली. ती म्हणाली, माझ्या नवऱ्याला आता ओळखू येणार न्हाई. दोघी हसलो."

अक्षर माझं होतं. पण मला ते हसणं आठवत नव्हतं. आठवडाही झाला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा खरंच आजार असेल. चांगलं झालेलं पुसून टाकायचं आणि वाईट तेवढं ठेवायचं, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. वहीला ते पुसता येत नव्हतं.

परत घरी

मी लातूरला आले तेव्हा गिरी बसायला लागली होती. मी हात पुढं केले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अव्वांच्या पदरात तोंड घातलं. अव्वा म्हणाल्या, "नवीन हाय तिला. येईल." मी आत जाऊन वही काढली आणि लिहिलं, "गिरी आली नाही. बरोबरच आहे तिचं." मग 'बरोबरच आहे तिचं' खोडलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काय झालं ते लिहा, निकाल लिहू नका.

अव्वांना माझं लिहिणं खपायचं नाही. एकदा त्या चिडून म्हणाल्या, "काय करलालीस गं दिसभर? दुपटी कोण धुयाची?" थोड्या वेळानं परत आल्या. "माझं बी लिवतीस का त्यात?"

"हाव."

"काय लिवलीस? वाच."

मी घाबरले, पण वाचलं. "अव्वांचा राग आला. माझं लेकरू त्यांनाच ओळखतं. त्यांची कंबर दुखते तरी गिरी रडली की त्याच उठतात."

अव्वा दुपटी गोळा करायला वाकल्या. मग म्हणाल्या, "कंबरंचं खरं हाय."

त्या दिवसापासून आमच्यातला ताण थोडा सैल झाला. एखाद्या संध्याकाळी त्या गिरीला मांडीवर थोपटत विचारायच्या, "आज काय लिवलीस?" अशाच एकदा, मी विचारलंही नव्हतं, त्या म्हणाल्या, "शिवराज झाला तवा मी म्हशीच्या गोठ्यात जाऊन बसायची. त्यो रडायचा. मला ऐकू यायचं, तरी मी बसून ऱ्हायची." एवढं बोलून त्या दिवा लावायला उठल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी ते कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

यांनी वही कधी उघडली नाही. मीच एक पान दिलं. टँकरचा आवाज ऐकला की मला काय होतं, ते त्या पानावर होतं. यांनी उभ्या उभ्या वाचलं. पुढच्या वेळी टँकर आला तेव्हा ते कचेरीतून सायकल मारत आले आणि पायजमा वर खोचून घागरी घेऊन रांगेत उभे राहिले. त्या रांगेत सगळ्या बायका. लोक हसले. "साहेब, कलेक्टरला सांगा की आमाला बी पाणी आणून द्या म्हणून!" हे लाजले, पण येत राहिले. हे मी तोंडानं कधीच मागू शकले नसते.

मी एका दिवसात बरी झाले नाही. एकदा गिरीला न्हाऊ घालून पावडर लावत होते. तिला शिंक आली आणि ती स्वतःच दचकली. मला हसू आलं. हसू येऊन गेल्यावर कळलं की ते खरं होतं. मी वहीत लिहिलं, "गिरी शिंकली." पुढं काही लिहायची गरज वाटली नाही. नंतर परत वाईट दिवस आले, पण ती ओळ होती. वाईट दिवसांत मी ती काढून वाचायचे.

पुढं गिरीच्या पाठीवर मुलगा झाला. तो झाल्यावर काही दिवसांनी माझ्याच लिहिण्यात मला दिसलं: झोप नाही, झोप नाही, भूक नाही. मी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. सकाळच्या एसटीनं नांदेड गाठलं. त्या खेपेला भरती व्हावं लागलं नाही.

म्हणून सांगते, लिहा. अक्षर कसंही येऊ द्या. दोन ओळी झाल्या तरी पुष्कळ. लिहायला जमत नसलं तर कुणाला तरी सांगून लिहवून घ्या. वहीनं आजार जात नाही. त्याला डॉक्टर आणि गोळ्या लागतात, घरचं माणूस लागतं. स्वतःच्या किंवा लेकराच्या जिवाचं वेडंवाकडं मनात आलं, तर वही बाजूला ठेवा आणि लगेच कुणाला तरी हाक मारा. पण डोक्यात जे कुणाला सांगता येत नाही, ते सांगायची सवय आधी कागदावर होते. मग एखाद दिवशी ते तोंडातून निघतं.

गिरीनं विचारलं

गिरी नऊ वर्षांची होती. शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि चूल पेटवणाऱ्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, तू मला टँकरपाशी इसरून आली होतीस म्हणं?"

गल्लीतल्या कुणा पोरीनं तिला सांगितलं होतं. या प्रश्नाची मी नऊ वर्षं वाट पाहत होते. कितीदा वाटलं होतं की ती विचारेल तेव्हा मी कोसळून पडेन. पण ती दुपार मी इतक्या वेळा लिहिली होती, इतक्या तऱ्हांनी, की शब्द तयार होते. हातानं त्यांना सरळ करून ठेवलं होतं.

"हाव," मी म्हटलं. "तू लई लहान होतीस. मी आजारी होते. मला झोप येत नव्हती आणि काही समजत नव्हतं. तुला ओट्यावर ठेवलं आणि घागरी घेऊन घरी आले. माझी चूक झाली असं मला अजून वाटतं. डॉक्टर म्हणाले, तो आजार होता. दोन्ही खरं हाय."

"मग मला कुणी आणलं?"

"रजियाआपांनी."

गिरीचे डोळे मोठे झाले. "म्हणून त्या मला टँकरवाली म्हणतेत!" आणि ती हसायला लागली. पोट धरून हसली. अव्वा आतून म्हणाल्या, "काय झालं गं?" तर तिनं ओरडून सांगितलं, "अव्वा, मी टँकरवाली हाय!"

मी तिच्याकडं बघत राहिले. मग ती हसायची थांबली, कारण मी रडत होते.

"आई, कामून रडलालीस?" ती म्हणाली. "मला तर काहीच आठवत न्हाई."

ती माझ्याजवळ थोडा वेळ टेकून बसली. मग तिला भूक लागली, आणि मी भाकरी टाकायला घेतली.